पाव तासाचं स्वातंत्र्य

सुबोध कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचलाच घरी आला, आणि येताना वाट वाकडी करून सेरंगून रोडवरून जिलेबी घेऊन आला, तेव्हाच शैलाताईंनी ओळखलं की ह्याला आपल्याकडून काहीतरी हवंय. पन्नाशीला टेकलेला मुलगा, रॅफल्स प्लेसला बाविसाव्या मजल्यावर बसतो, हाताखाली आठ माणसं. पण आईकडे काही मागायचं झालं की अजून गोड घेऊन येतो. सेंगकांगच्या त्या फ्लॅटमध्ये गोडाचं खाणारं तसं कोणीच नव्हतं. सून नीता साखर मोजून खायची आणि नात आर्या मोजूनसुद्धा खायची नाही.

"बोल," शैलाताई म्हणाल्या. "जिलेबी गार होईपर्यंत थांबू नकोस."

सुबोधची कंपनी परदेशातल्या बंदरांना कारभार शिकवायची. जन्मात कधी जहाजावर पाऊल न ठेवलेली माणसं जगाला बंदरं शिकवतात, ह्याचं शैलाताईंना फार हसू यायचं. तर पुढच्या आठवड्यात आफ्रिकेच्या दक्षिणेकडल्या एका देशाचे उपमंत्री येणार होते, बंदराच्या कामासाठी. सुबोधनं त्यांच्या पक्षाचा इतिहास वाचून काढला होता आणि वाचता वाचता उडीच मारली होती. तो पक्ष साठच्या दशकात ज्या शहरात आश्रयाला होता, त्याच शहरात त्याच्या आईचा जन्म झाला होता. ज्या रेडिओवरून तो पक्ष बोलायचा, त्याच रेडिओत ती नोकरीला होती.

"आई, तू त्यांच्या स्वातंत्र्यलढ्यात होतीस!"

"मी टायपिस्ट होते."

"तेच म्हणतोय मी."

"तेच म्हणत नाहीयेस तू. टायपिस्ट म्हणजे टायपिस्ट. साडेसात ते अडीच, मध्ये अर्धा तास चहाची सुट्टी."

सुबोधनं खिशातून फोन काढला. त्याने एक छोटंसं भाषण तयार करून ठेवलं होतं. स्वतः लिहिलं नव्हतं, यंत्राकडून लिहवून घेतलं होतं, ते पहिल्या ओळीलाच कळत होतं. त्यात शैलाताई 'भारताची एक विनम्र कन्या' होत्या आणि त्यांनी आपली बोटं आफ्रिकेच्या मुक्तीला वाहिली होती. शैलाताईंनी चष्मा लावून ते पुरतं वाचलं, मग फोन आर्याच्या हातात दिला.

आर्यानं वाचलं आणि बापाकडे पाहिलं. "डॅड, धिस इज सो चीझी, लाह," ती तिथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

"एक जेवण आहे, आई," सुबोध म्हणाला. "दुपारचं. तू बोलू नकोस हवं तर. नुसती बस. हसून मान हलव."

नीता स्वयंपाकघरातून म्हणाली, "आईंना हसून मान हलवायला सांगण्यापेक्षा दुसऱ्या कोणाच्या आईला घेऊन जा."

तरी शैलाताई 'हो' म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्या पक्षाची माणसं आता कशी दिसतात ते एकदा बघावं, पोटं कितपत सुटलीत ते पाहावं, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. तुच्छतेची चव त्यांना जिलेबीपेक्षा जास्त आवडायची.

*

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या शहरात शैलाताईंचे वडील गोदीत स्टोअरकीपर होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या शाळेत होत्या. चार वर्षांनी टायपिंगची परीक्षा पहिल्या नंबराने पास होऊन त्या सरकारी रेडिओत लागल्या. तिथला परदेशी प्रसारणाचा विभाग म्हणजे मागच्या अंगणातली पत्र्याची लांब चाळ होती.

नव्या सरकारनं मोठं काम अंगावर घेतलं होतं. आसपासचे जे जे देश अजून गोऱ्यांच्या ताब्यात आहेत, ते स्वतंत्र झाल्याशिवाय आपलंही स्वातंत्र्य पुरं नाही, असं राष्ट्राध्यक्ष सांगायचे, आणि एकोणीस वर्षांच्या शैलाला ते अगदी पटायचं. ऐकताना तिच्या अंगावर काटा यायचा. इस्पितळात टाके घालायला दोरा नसायचा, शाळेत चार मुलांत एक पुस्तक असायचं, पण परक्या देशांचे सात-आठ पक्ष त्या शहरात पाहुणे होते. प्रत्येकाला एकेक खोली, एकेक टाइपरायटर, दारावर लावायला पाटी. पुढाऱ्यांना परदेशी जायला प्रवासाचे कागद. पोरांना गावापासून लांब, आतल्या भागात, कवायतीसाठी छावणी आणि मक्याचं पीठ. आणि ज्याला त्याला आपल्या माणसांशी बोलायला रेडिओवर आठवड्यातून तीनदा पाव तास.

पाहुण्यांना एवढं मिळालं की ते भांडतात. त्या दक्षिणेकडल्या एकाच देशाचे दोन पक्ष आले होते. ऑफिसात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. दोघांच्या खोल्या एकाच गल्लीत समोरासमोर. थोरल्यानं पाटी मोठी केली की आठवड्याच्या आत धाकट्याची पाटी तिच्याहून मोठी व्हायची. थोरल्याचे पुढारी शहरातल्या प्रत्येक समारंभात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. त्यांच्या देशात जाऊन लढायला त्यांना अजून सवड मिळाली नव्हती.

धाकट्या पक्षाचं निवेदन करायचा तो गॅब्रिएल. पूर्वी शाळामास्तर होता. नियम असा होता की जे काही बोलायचं ते आधी इंग्रजीत टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर जायचं, साहेबांनी सही केली की मगच माइकपुढे जायचं. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार गॅब्रिएल शैलापुढे लाकडी स्टुलावर बसून आपल्या भाषेतल्या बातम्या इंग्रजीत सांगायचा आणि शैला टाइपरायटर बडवायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार थोरल्या पक्षाचा माणूस त्याच स्टुलावर बसायचा.

एकदा मंगळवारी थोरल्यानं एक रेल्वेपूल उडवला. बुधवारी धाकट्यानं तोच पूल उडवला. शैलानं टाइप करायचं थांबवून वर पाहिलं.

"हा कालच उडाला," ती म्हणाली.

गॅब्रिएल जराही गडबडला नाही. "फार मजबूत पूल आहे, सिस्टर," तो म्हणाला. "माझ्या आज्यापासून उडतोय." आणि दोघंही एवढी हसली की साहेबांनी दार उघडून पाहिलं.

अशी तीन वर्षं गेली. मग सरकारला कंटाळा आला, किंवा थोरल्या पक्षानं कोणाचे तरी कान भरले. खरं काय ते चाळीतल्या लोकांना कधी कळलं नाही. एक दिवस जाहीर झालं की त्या देशाचा खरा पक्ष एकच, थोरला. पाहुणचार एकालाच. धाकट्याची पाटी उतरली. त्याचा पाव तास थोरल्याच्या पाव तासाला जोडून त्याचा अर्धा तास झाला.

आणि ऑगस्टातल्या एका सकाळी, दहाच्या सुमाराला, साहेबांनी शैलाला आत बोलावून टाइप करायला एक कागद दिला. वर चार ओळी, खाली सतरा नावं. ह्या लोकांना 'पुनर्वसनासाठी' आतल्या भागातल्या छावणीत हलवावं. छावणी थोरल्या पक्षाच्या ताब्यातली होती. गॅब्रिएलचं नाव सातवं होतं. शैलानं तीन कार्बन लावून कागद टाइप केला. गॅब्रिएल त्या वेळी बाहेर व्हरांड्यातच बसला होता, आता आपलं काम काय ते विचारायला आला होता. ती टाइप केलेला कागद घेऊन त्याच्या समोरून साहेबांच्या खोलीत गेली. तो 'गुड मॉर्निंग, सिस्टर' म्हणाला. तीही म्हणाली.

दुपारी अंगणात ट्रक आला.

त्यानंतर दोन वर्षांनी शैलाच्या वडिलांनी गाशा गुंडाळला आणि सगळे पुण्याला आले. शैलाचं लग्न झालं, शैलाची शैलाताई झाली. पण मोठमोठे शब्द कोणी उच्चारले की त्यांच्या नाकाचा शेंडा वर जायचा, तो तेव्हापासून. मोर्चे, सत्कार, सोसायटीचा झेंडावंदनाचा कार्यक्रम, सुबोधच्या कंपनीचं 'जगाला जोडणारं स्वप्न' हे सगळं त्यांना सारखंच. नवरा म्हणायचा, तुला कशाचंच कौतुक नाही. ते खरंच होतं.

*

जेवण मरीना बेजवळच्या एका हॉटेलात होतं, फिरत्या गोल टेबलाभोवती. सुबोध होता, सुबोधची साहेबीण मिसेस टॅन होती, उपमंत्री होते, आणि त्यांच्यासोबत लिडिया नावाची तिशीतली अधिकारी, जी सारखी वहीत लिहीत होती. शैलाताईंनी मोतिया रंगाची साडी नेसली होती. त्यांच्यासाठी मशरूम आणि टोफू वेगळं सांगितलेलं होतं.

उपमंत्री साठीचे, गोलगरगरीत आणि हसरे होते. शैलाताईंचा अंदाज पोटाच्या बाबतीत चुकला नव्हता, स्वभावाच्या बाबतीत चुकला. त्या गुर्मी शोधायला आल्या होत्या, आणि हा माणूस उठून उभा राहिला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मामा! तुम्ही माझ्या आईच्या जागी."

सुबोधनं मराठीत कुजबुजून सांगितलं, "तिकडे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात."

"तिकडे काय म्हणतात ते तू मला सांग," शैलाताई म्हणाल्या.

उपमंत्र्यांचा जन्म त्याच शहरातला होता, थोरल्या पक्षाच्या खोलीमागच्या गल्लीतला. ते भरभरून बोलत होते. त्या देशानं आम्हाला काय दिलं, मिसेस टॅन, तुम्हाला कल्पना नाही. स्वतःच्या ताटातलं काढून दिलं. छप्पर दिलं, कागद दिले, आवाज दिला. मी तान्हा होतो तेव्हा माझ्या बापाचा आवाज त्या रेडिओवरून आमच्या देशात जात होता. एक जनता, एक पक्ष, एक आवाज! आणि त्या आवाजाचे शब्द ह्या मामांनी टाइप केलेत.

मिसेस टॅननी हळूच टाळ्या वाजवल्या. सुबोधचा चेहरा असा उजळला की शैलाताईंना त्याच्या शाळेतल्या बक्षीस-समारंभाची आठवण झाली.

"एक नाही," शैलाताई म्हणाल्या. "दोन."

"काय दोन, मामा?"

"आवाज दोन होते. तुमचा पाव तास मंगळवार, गुरुवार, शनिवार. दुसऱ्यांचा सोमवार, बुधवार, शुक्रवार."

सुबोधनं टेबलाखालून पाय लावला. शैलाताईंनी पाय बाजूला घेतला.

उपमंत्र्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसूभरही हललं नाही. "हो तर," ते म्हणाले. "सुरुवातीला जरा मतभेद होते. मग सगळे भाऊ एक झाले. गॅब्रिएलसारखी माणसंसुद्धा आमचीच! हुतात्मा गॅब्रिएल! मामा, तुम्हाला आठवतात ते?"

शैलाताईंच्या जेवणाच्या काड्यांतून टोफू निसटला. गेल्या सत्तावन्न वर्षांत हे नाव त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"आठवतो."

"आमच्या राजधानीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. विमानतळापासून थेट संसदेपर्यंत. सीमेवर शत्रूच्या हल्ल्यात पडले ते."

"तो सीमेवर गेला कधी?" शैलाताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. बाजारात शिळी भाजी परत करताना लागतो तसा लागला होता. "त्याला आमच्या अंगणातून ट्रकमध्ये घातलं. सोळा जण आणखी होते. ट्रक तुमच्या पक्षाच्या छावणीवर गेला. तुमच्या पक्षानं यादी दिली, आमच्या सरकारनं शिक्का मारला आणि मी ती टाइप केली. शत्रू कुठून आला ह्यात?"

क्षणभर टेबल फिरायचं थांबलं. मिसेस टॅनना काहीतरी बिघडलंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही; त्यांनी सगळ्यांच्या कपात चहा ओतला. सुबोध ताटलीकडे पाहत राहिला. लिडियाची लेखणी थांबली होती.

शैलाताई वाट पाहत होत्या. आता हा चिडेल, नाकारेल, उठून जाईल; मग आपण घरी जाऊन नीताला साभिनय सांगू.

उपमंत्री पुढे झुकले आणि आपुलकीनं म्हणाले, "मामा, हे आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. पण पाटीवर एवढं मावत नाही. आणि रस्ता चांगला आहे हो. चौपदरी आहे." मग त्यांनी स्वतःच्या हातानं टेबल फिरवून मशरूमची बशी शैलाताईंपुढे आणली. "घ्या. गार होतंय."

ह्या माणसाला तुच्छ लेखायला कुठून सुरुवात करावी तेच शैलाताईंना कळेना. तो आधीच हसून मोकळा झाला होता. त्यांनी मशरूम घेतलं. ते चवीलाही चांगलं होतं, ह्याचा त्यांना जास्तच राग आला.

हात धुवायला त्या उठल्या तेव्हा लिडिया मागोमाग आली. बेसिनपाशी उभी राहून, नळ सोडून ठेवून, ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, त्यांची मुलगी आहे. रेहेमा. अजून तुमच्याच शहरात राहते. दर वर्षी आमच्या वकिलातीत येऊन विचारते, बाप कोणत्या तारखेला गेला. तिला रस्त्याचा फोटो देतात. मी तिथे होते दोन वर्षं. मीच दिलाय फोटो. तुमचा नंबर तिला देऊ?"

गॅब्रिएलला मुलगी होती हे शैलाताईंना माहीत नव्हतं. तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा तो समोर स्टुलावर बसला होता, आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"दे," त्या म्हणाल्या.

*

परतीच्या एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, सुबोध हार्बरफ्रंटकडून येणाऱ्या गर्दीत उभा राहिला, आईला बसायला जागा मिळवून दिली आणि सेरंगूनपर्यंत फोनवर बोट फिरवत राहिला. मग त्याचा बांध फुटला.

"आई, एक जेवण. तेवढंच मागितलं होतं मी."

"तो खोटं बोलत होता."

"मग? माझी साहेबीण खरं बोलते का? मी बोलतो का? तिथे कोण खरं बोलायला आलं होतं?" शेजारचा माणूस पाहायला लागला तसा त्याने आवाज खाली आणला. "आणि साठ वर्षं गप्प बसलीस ना? बाबांना सांगितलंस? मला? आणखी दोन तास बसवलं नसतं?"

शैलाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बोगदा होता, काचेत त्यांचाच चेहरा दिसत होता. एरवी सुबोधच्या कुठल्याही वाक्याची त्या तिथल्या तिथे चाळणी करायच्या. हे वाक्य चाळून पाहिलं तर त्यात खडा सापडेना.

घरी आल्यावर नीतानं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा टाकला.

सुबोधच्या कंपनीला काम मिळालं ते नंतरच्या पंधरवड्यात. उपमंत्र्यांनी पत्रात 'मामांना खास नमस्कार' लिहिला होता. सुबोधनं ते पत्र जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं, अभिमानानं की टोचायला, ते कळायला मार्ग नव्हता. शैलाताईंनी ते वाचलं आणि घडी करून त्याच्याकडे सरकवलं. ह्या माणसांचं काहीच बिघडत नाही, असं त्या म्हणणार होत्या. पण त्याच्या आधीच्या रविवारी त्यांना फोन येऊन गेला होता, आणि तसलं काही म्हणायची त्यांची हिंमत कमी झाली होती.

फोन दुपारी चारला आला. तिकडे सकाळचे अकरा वाजले असणार. आर्यानं व्हिडिओ लावून दिला. पडद्यावर एक साठीची, डोक्याला निळा रुमाल बांधलेली बाई होती, मागे भिंतीवर कॅलेंडर. शैलाताईंनी स्वाहिलीत नमस्कार केला. शब्द गंजले होते, पण निघाले.

रेहेमानं नमस्कार घेतला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "मला तारीख हवी आहे."

"ऑगस्टचा दुसरा आठवडा. गुरुवार. सकाळी दहाला कागद, दुपारी दोनला ट्रक. पुढचं मला माहीत नाही."

तिने लिहून घेतलं. मग हिशेबीपणानं एकेक प्रश्न. बाबा तेव्हा कुठे होते? कागदावर सही कोणाची? प्रती किती? कोणाकोणाला? शैलाताई आठवून उत्तरं देत गेल्या. उत्तरं देता येत होती, त्यामुळे त्यांना बरंसुद्धा वाटायला लागलं होतं.

"एक सांगा," रेहेमा म्हणाली. "मी तीस वर्षं कागद शोधते आहे. बाबांचं आडनाव लोक दोन तऱ्हांनी लिहितात. मी सगळीकडे चुकीच्या तऱ्हेनं शोधलं, कारण पक्षाच्या सगळ्या कागदांत ते चुकीचंच लिहिलेलं असायचं. त्या यादीत कसं होतं?"

आर्या शेजारी बसून नखं रंगवत होती. तिला स्वाहिली कळत नव्हती, पण आजीचा श्वास बदललेला तिला कळला. तिने ब्रश बाटलीत ठेवला.

"हातानं लिहून आलेल्या कागदावर चूक होती," शैलाताई म्हणाल्या. "त्या तऱ्हेच्या आडनावाचा दुसरा कोणीतरी होता, गोदीत. पोलिसांचा घोटाळा झाला असता. निदान दोन-चार दिवस गेले असते. मला बरोबर आडनाव माहीत होतं. मी रोज टाइप करायचे. मी ते दुरुस्त केलं."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही."

"मग का?"

"चूक होती म्हणून."

पडद्यावरच्या बाईनं तेही लिहून घेतलं. तिच्या मागून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तुम्ही फार चांगल्या टायपिस्ट होता," रेहेमा म्हणाली.

असा स्वर शैलाताईंना नवा नव्हता. जन्मभर त्यांनी तो दुसऱ्यांसाठी वापरला होता. अंगावर घेतला कधी नव्हता. तोंड उघडून त्यांनी क्षमा मागायचा स्वाहिली शब्द उच्चारला. तो शब्द इतका छोटा आहे, पायावर पाय पडला तरी तोच म्हणतात, की उच्चारताच त्यांना स्वतःची शरम वाटली. रेहेमानं तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"तुम्ही बाहेर येऊन त्यांना सांगू शकला असता."

"हो."

"ते व्हरांड्यात होते म्हणालात."

"दहा पावलांवर."

"भीती वाटली?"

शैलाताईंनी खरंखरं आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला हेच सांगितलं होतं, की भीती वाटली. वडिलांची नोकरी, परका देश, बाईमाणूस. "नाही," त्या म्हणाल्या. "भीती नंतर वाटली. तेव्हा वाटलं, हे सरकारी काम आहे. आपलं सरकार चांगलं आहे. ते एवढं सगळं करतं ह्या लोकांसाठी, तर ह्यातही काही चांगलंच असेल."

रेहेमानं मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, नोंद केल्यासारखी. मग ती म्हणाली, "हे सगळं लिहून, सही करून मला पाठवा. दुरुस्तीसकट."

"पाठवते."

"आणि एक." आता पहिल्यांदाच ती अडखळली. "मी दोन वर्षांची होते. रेडिओवाले म्हणतात टेपा शिल्लक नाहीत. त्यांच्यावरच पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग करायचे. माझ्या बाबांचा आवाज कसा होता?"

शैलाताईंनी डोळे मिटले. "पुढचा एक दात पडलेला होता," त्या म्हणाल्या. "त्यामुळे 'स' आला की शिट्टी वाजायची. माइकमध्ये ती जास्तच वाजायची, मग आवाजाचा इंजिनिअर बाहेर येऊन आरडाओरडा करायचा. म्हणून ते बोलण्याआधी माझ्याकडून कोरा कागद मागून घ्यायचे, त्याची बारीक गोळी करून फटीत बसवायचे. आवाज जाड होता. सावकाश. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायला हवा, तसा. बातमी खोटी असली की आणखी सावकाश बोलायचे."

"खोटी असायची?"

"पूल उडवायचे ना सारखे," शैलाताई म्हणाल्या आणि घाबरल्या, कारण आपल्याला हसू येतंय हे त्यांना जाणवलं.

रेहेमा हसली नाही. पण ती थोडी पुढे सरकली आणि तिचा चेहरा पडद्यावर मोठा झाला.

"पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन करते. तोपर्यंत आठवून ठेवा," ती म्हणाली. कामवालीला बजावून सांगावं तसं सांगितलं आणि फोन बंद केला.

आर्यानं विचारलं, "आजी, हू वॉज शी? व्हाय सो फिअर्स?"

"तिचं बरोबर आहे," शैलाताई म्हणाल्या. "तुझा लॅपटॉप दे जरा."

नीता पिशव्या घेऊन बाहेर आली. रविवारी संध्याकाळी दोघी मिळून लिटिल इंडियाला भाजी आणायला जायच्या. शैलाताईंनी हातानंच तिला पुढे हो म्हणून सांगितलं. नीता गेली, आर्या लॅपटॉप उघडून देऊन आपल्या खोलीत गेली. शैलाताईंनी वर तारीख घातली आणि सतरा नावांतली जेवढी आठवत होती तेवढी एकाखाली एक लिहायला घेतली. अकरा आठवली. बाराव्यापाशी त्या अडल्या. माणसाचा चेहरा दिसत होता, हातातली छत्री दिसत होती, नाव येत नव्हतं.

त्यांनी तिथे 'छत्रीवाला' असं लिहिलं आणि त्या पुढे गेल्या.